ही खबर आपणास कोणी दिली?




१ जुलै २०१८ च्या रात्री मालेगाव शहरातील एका घराबाहेर मोठा जमाव गोळा झाला होता. घरात पाच जण जीव मुठीत धरून बसले होते. त्यांत दोन वर्षांचे एक लेकरू होते. हे कुटुंब आपल्या परभणी जिल्ह्यातले, पोटापाण्यासाठी परगावी गेलेले. ‘मुले पळवणारी टोळी सापडली’ अशी आवई उठली आणि ज्यांच्या कडेवर स्वतःचे मूल होते, त्यांनाच लोकांनी मूलचोर ठरवले. शहरातल्याच एका मुस्लिम रहिवाशाने त्यांना घरात घेऊन दार लावले. पोलीस आले, त्यांनी जमावाला तोंड दिले आणि पाचही जणांना जिवंत बाहेर काढले.

त्याच दिवशी, काही तास आधी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे असे दार उघडणारे कोणी मिळाले नव्हते. तो रविवार होता, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मुख्यतः मंगळवेढा परिसरातले पाच भिक्षेकरी तेथे आले होते. त्यांपैकी एकाने एका लहान मुलीशी बोलल्याचा संशय घेतला गेला. पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरून जगणाऱ्या या माणसांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. पाचही जण मरण पावले.

या दोन घटना आपण वर्तमानपत्रात वाचल्या असतील आणि हळहळलाही असाल. आज मात्र मला आपले लक्ष वेगळ्या गोष्टीकडे वेधायचे आहे. राईनपाड्यातले आणि मालेगावातले ते लोक जन्मजात क्रूर नव्हते. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी मुले होती, आणि त्या मुलांच्या काळजीनेच ते घराबाहेर पडले होते. मालेगाव मुस्लिमबहुल शहर आहे. तेव्हा त्या जमावात आपले कोणी नव्हते असे म्हणण्याची सोय आपणास नाही. दार उघडणाराही आपला होता आणि दार तोडू पाहणाऱ्यांतही आपले होते. एकच खबर दोघांपर्यंत पोहोचली होती. एकाने ती ऐकून दगड उचलला, दुसऱ्याने समोरच्या माणसाकडे पाहिले.

त्या वर्षी उन्हाळ्यापासून देशभर फिरणाऱ्या संदेशांत एक चित्रफीत होती. मोटारसायकलवरून दोन माणसे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि निघून जातात. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा अशीच ती आहे. ती मूळची कराचीची. तेथील एका संस्थेने हरवलेल्या मुलांविषयी पालकांना जागे करण्यासाठी ती तयार केली होती. मूळ फितीच्या शेवटी तीच दोन माणसे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक उंचावून दाखवतात : मुलांकडे लक्ष ठेवा. कोणीतरी हा शेवट कापून टाकला. खोटे असे काहीच जोडले नाही, खरे तेवढे काढून टाकले, आणि एका सदिच्छेच्या कामातून एक हत्यार तयार झाले.

दुसरे एक छायाचित्र होते. कापडात गुंडाळलेल्या लहान मुलांच्या मृतदेहांची रांग. ‘या मुलांचे अवयव काढून घेतले’ अशी ओळ त्याखाली लिहिलेली असे. ते छायाचित्र सीरियातील घूता येथील होते. ऑगस्ट २०१३ मध्ये तेथे विषारी वायूचा हल्ला झाला, त्यात मेलेली ती मुले. म्हणजे जुलमाने मारल्या गेलेल्या निष्पाप मुलांचे कफन पाच वर्षांनंतर आपल्या महाराष्ट्रात आणखी निष्पापांचे रक्त सांडण्यासाठी वापरले गेले. येथे छायाचित्र अस्सल होते, खाली लिहिलेली ओळ खोटी होती. बंधूंनो, म्हणूनच ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले’ हे वाक्य आता पूर्वीइतके वजनदार राहिलेले नाही. डोळ्यांनी आपण चित्र पाहतो. ते कोठले, केव्हाचे आणि कोणाचे, हे आपण पाहत नाही, आपणास सांगितले जाते.

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना आज्ञा केली आहे की एखादा फासिक, म्हणजे मर्यादा मोडणारा मनुष्य, खबर घेऊन आला तर तिची शहानिशा करा. या आज्ञेसाठी जो शब्द आला आहे तो प्रचलित किराअतीत ‘तबय्युन’ या धातूचा आहे : उघड करून पाहणे, स्पष्ट करून घेणे. दुसऱ्या एका मान्य किराअतीत तेथे ‘तसब्बुत’ वाचले जाते : थांबणे, पाय रोवून उभे राहणे, घाई न करणे. नुक्ते काढून टाकले तर अरबी लिपीत दोन्ही शब्दांचा सांगाडा एकच दिसतो. मदरशात उस्तादांनी हे प्रथम दाखवले तेव्हा मला ती फक्त लिपीची गंमत वाटली होती. आज वाटते की दोन्ही अर्थ एकमेकांवाचून पुरे होत नाहीत. जो थांबत नाही त्याला शहानिशा करताच येत नाही. याच आयतीत पुढे कारणही सांगितले आहे : अजाणतेपणी तुम्ही एखाद्या लोकसमूहाला इजा कराल आणि मग आपल्या कृत्यावर पस्तावाल. राईनपाड्याच्या दुसऱ्या दिवशीचे वर्णन याहून नेमके कोण करू शकेल?

येथे एक शंका नेहमी विचारली जाते. ‘मौलाना, आयत तर फासिकाविषयी आहे. मला मेसेज पाठवणारे माझे थोरले बंधू पाच वक्ताचे नमाजी आहेत.’ प्रश्न रास्त आहे. पण आपले थोरले बंधू त्या खबरीचे मूळ सांगणारे नसतात. त्यांना ती दुसऱ्याने दिली, दुसऱ्याला तिसऱ्याने. आपणास साखळीची शेवटची कडी तेवढी दिसते आणि तिच्या चांगुलपणावरून आपण पूर्ण साखळी पोलादी समजतो.

आपल्या मुहद्दिसांना, म्हणजे हदीसच्या तज्ज्ञांना, हा धोका बाराशे वर्षांपूर्वी कळला होता. इमाम मुस्लिम (रह.) यांनी आपल्या ‘सहीह’च्या प्रस्तावनेत यहया बिन सईद अल-कत्तान (रह.) यांचे एक निरीक्षण नोंदवले आहे. त्याचा आशय असा की नेक लोकांकडून इतर कशातही होत नाही इतकी असत्याची चूक हदीस सांगण्यात होते. इमाम मुस्लिम लगेच खुलासा करतात की ते जाणूनबुजून खोटे बोलत नाहीत, खोटे त्यांच्या जिभेवरून वाहून जाते. भोळा विश्वास हा सद्गुण खरा, पण साक्षीदाराच्या ठिकाणी तो दोष ठरतो. म्हणूनच मुहद्दिसांनी एखाद्या रावीविषयी, म्हणजे कथन करणाऱ्याविषयी, ‘माणूस अत्यंत परहेजगार, पण त्याची रिवायत घेऊ नये’ असे लिहायला मागेपुढे पाहिले नाही. ज्यांच्या दुआ कबूल होतील अशी आशा बाळगली, त्यांची साक्षही तपासल्याशिवाय घेतली नाही.

अब्दुल्लाह बिन मुबारक (रह.) सनदेला दीनचाच भाग मानत. सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी : मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने, आणि त्याने ते प्रत्यक्ष ऐकले. आता आपल्या मोबाईलवरचा कोणताही संदेश उघडा आणि त्याची सनद शोधा. ‘पोलिसांनी कळवले आहे’ – कोणत्या ठाण्याने, कोणत्या तारखेला? ‘मोठ्या डॉक्टरांचे म्हणणे आहे’ – त्या डॉक्टरांना नाव नाही काय? ‘काल आपल्याच शेजारच्या गावात घडले’ – हे वाक्य परभणीत वाचणाऱ्याला जिंतूर वाटते, जिंतूरमध्ये वाचणाऱ्याला सेलू, आणि धुळ्यात वाचणाऱ्याला साक्री. गावाचे नाव मुद्दामच लिहिलेले नसते. ती रिकामी जागा वाचणारा आपल्या भीतीने भरून काढतो.

अरबी व्याकरणात ज्या क्रियापदाचा कर्ता सांगितलेला नसतो त्याला ‘मजहूल’ म्हणतात, आणि हदीसशास्त्रात ज्या रावीची ओळख पटत नाही त्यालाही ‘मजहूल’च म्हणतात. ‘असे समजते’, ‘असे पाहण्यात आले आहे’, ‘सांगितले जात आहे’ ही सगळी मजहूल वाक्ये. मुहद्दिस स्वतः असा प्रयोग करीत तेव्हा बहुधा त्यातून इशारा असे : ‘रिवायत केले जाते’ असे लिहिले की जाणकार वाचक ओळखे, लेखकाला या कथनाची खात्री नाही. आपल्या काळात नेमके उलट झाले आहे. ‘सांगितले जात आहे’ हे ऐकून आपली खात्री वाढते, कारण आपणास वाटते की सगळेच सांगत आहेत.

सनदेनंतर मजकूर. बी.ए.ला मी मराठी विषय घेतला होता. भारतीय काव्यशास्त्रातील शब्दशक्ती शिकताना अभिधा, लक्षणा, व्यंजना हे तीन शब्द परीक्षेपुरते पाठ केले होते. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ. व्यंजना म्हणजे न बोलता सुचवलेला. कवितेसाठी शिकलेली ही गोष्ट पुढे मला अपप्रचार वाचताना अधिक उपयोगी पडली. चांगला अपप्रचारक अभिधेत खोटे बोलत नाही, कारण तेथे तो पकडला जातो. तो म्हणतो, ‘आपल्या गल्लीत हल्ली अनोळखी फेरीवाले वाढले आहेत. आपल्या मुली शाळेत जातात. मी काही बोलत नाही, समजदार को इशारा काफी.’ तिन्ही वाक्ये वेगवेगळी तपासा, एकही खोटे निघणार नाही. फेरीवाले आहेत, मुली शाळेत जातात, आणि तो खरेच काही बोललेला नाही. जो आरोप त्याने केला नाही तो आपण आपल्याच मनात पूर्ण केला, आणि स्वतःच काढलेला निष्कर्ष माणसाला परक्याने सांगितलेल्या गोष्टीपेक्षा नेहमी अधिक खरा वाटतो.

म्हणून आपणास माझी एक विनंती आहे. संदेश वाचून झाल्यावर मोबाईल खाली ठेवा आणि दोन गोष्टी वेगळ्या करा : यात प्रत्यक्ष काय लिहिले आहे, आणि वाचून माझ्या मनात कोणाविषयी राग किंवा भीती उभी राहिली? लिहिलेले आणि उभे राहिलेले यांत जितके अंतर, तितका तो संदेश संशयास्पद. त्याच्या शेवटी ‘लगेच सर्वांना पाठवा’ असे असेल तर तसब्बुताची, थांबण्याची गरज दुप्पट झाली असे समजा. खरी खबर आपणास तासभर विचार करायला मना करीत नाही.

मार्च २०२० मध्ये हेच शस्त्र आपल्यावर चालले, तेव्हा त्याचे घाव आपण ओळखले. दिल्लीतील निजामुद्दीन मरकजमधील लोकांना करोनाची लागण झाल्याची बातमी आली. ती बातमी खरी होती. पण तिच्या पाठोपाठ जे आले ते बातमी नव्हते. ठाण्यात न्यायालयात नेल्या जाणाऱ्या एका कच्च्या कैद्याने पोलिसावर थुंकल्याची फेब्रुवारीअखेरची चित्रफीत ‘जमाती थुंकत आहेत’ म्हणून देशभर फिरली. काही माणसांच्या चुकीवरून कोट्यवधींचे चारित्र्य ठरले. त्या दिवसांत आपल्यापैकी कित्येक भाजीवाल्यांना भाव विचारण्याआधी नाव विचारले गेले.

पुढे अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झालेले २९ परदेशी नागरिक मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. आपला परभणी जिल्हा याच खंडपीठाच्या कक्षेत येतो. २१ ऑगस्ट २०२० रोजी न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांच्या खंडपीठाने ते गुन्हे रद्द केले. न्या. नलावडे यांनी निकालपत्रात माध्यमांतून मोठा अपप्रचार झाल्याचे नोंदवले आणि या परदेशी लोकांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता व्यक्त केली. हा निकाल आपल्याकडे किती फिरला, आठवते ना? प्रत्येक गटात दहा-दहा वेळा.

आता याच निकालाचा दुसरा भाग. न्या. सेवलीकर गुन्हे रद्द करण्याच्या आदेशाशी सहमत होते, परंतु सहकारी न्यायमूर्तींच्या काही निरीक्षणांशी आपण सहमत नाही, हेही त्यांनी स्वतंत्रपणे नोंदवले होते. आपणास आलेल्या एका तरी संदेशात ही ओळ होती काय? मला आलेल्या एकाही संदेशात नव्हती, आणि मी पुढे पाठवलेल्यातही नव्हती. मी ती वाचली होती. वगळताना माझा हात थरथरला नाही, कारण मनाने आतून सांगितले : आपल्या बाजूचे आहे, तेवढे पुरे. कराचीच्या चित्रफितीचा शेवट कापणाऱ्यानेही स्वतःला असेच काही सांगितले असेल. त्याच्या कापण्याने माणसे मेली, माझ्या कापण्याने कोणाचे काही बिघडले नाही, हा फरक मोठा आहे. पण कात्री तीच होती.

१९३७ साली न्यूयॉर्कमध्ये काही अभ्यासकांनी अपप्रचाराच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली आणि त्याच्या सात युक्त्या सांगितल्या. नावे ठेवणे, गोड मोघम शब्द वापरणे, पूज्य गोष्टीचे तेज आपल्या मालाला लावणे, मोठ्यांची साक्ष काढणे, ‘मी तुमच्यातलाच’ म्हणणे, सोयीचे पुरावे तेवढे मांडणे आणि ‘सगळे करतात’ म्हणणे. यादी चांगली आहे, आजही शाळांत शिकवण्यासारखी आहे. परंतु तिच्यात माझ्या दृष्टीने एक उणीव राहते. या सातही युक्त्या दुसऱ्याच्या हातातल्या आहेत. दीनने आपणास आठवी गोष्ट शिकवली आहे, आणि ती आपल्या आत बसलेली आहे : नफ्स. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत अल्लाह बजावतो की एखाद्या समूहाशी असलेल्या शत्रुत्वाने तुम्हाला न्यायापासून ढळवू नये. अपप्रचारक ज्या दारातून आत येतो ते दार हेच. आपण ज्याच्यावर रागावलेलो असतो त्याच्याविषयीचे वाईट तपासावेसे वाटत नाही. आपण ज्यावर प्रेम करतो त्याच्याविषयीचे चांगले तपासावेसे वाटत नाही.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण आपल्या घराघरात आहे. मदीनेतील रौजा-ए-मुबारकचे खादिम शेख अहमद यांना स्वप्न पडले, असे सांगणारा ‘वसीयतनामा’ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी नक्की पाहिला असेल. इतक्या प्रती छापून वाटणाऱ्याला लाभ झाला, न मानणाऱ्याचे नुकसान झाले, असे त्यात लिहिलेले असते. हे पत्रक शतकाहून अधिक काळ मुस्लिम जगात फिरत आहे. शेख अहमद कधी वारले नाहीत आणि त्यांचे स्वप्न कधी संपले नाही! शेख इब्न बाज (रह.) यांच्यासारख्या आलिमांनी ते बनावट असल्याचे लिहून ठेवले, तरी पत्रक थांबले नाही. माझ्या आजीने ते कपाटात जपून ठेवले होते. तिच्या डोळ्यांतली भीती खरी होती आणि प्रेषितांवरचे (स.) प्रेमही खरे होते. त्या प्रेमावरच तर पत्रकवाल्याने छापखाना चालवला. आज तोच मजकूर ‘दहा जणांना पाठवा’ या रूपात मोबाईलवर येतो, आणि आपण तो पाठवतो, कारण पवित्र नाव असलेले वाक्य अडवायला आपण कचरतो. पवित्र नाव आहे म्हणूनच तर अडवायला हवे! प्रेषितांच्या (स.) नावावर खोटे खपवू नये म्हणून ज्यांनी एकेका रिवायतीसाठी महिन्यांचा प्रवास केला, त्या मुहद्दिसांचे आपण वारस.

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी. त्या वेळी आपल्या वस्त्यांमधून ‘या सुईने मुलांना पुढे संतती होणार नाही’ असे संदेश फिरले. त्यांना ना सनद होती ना डॉक्टरचे नाव. आधीचा अविश्वास तेवढा होता, आणि तो काही ठिकाणी अकारण नव्हता, हेही मान्य करू. पण गोवर हा मुलांचा जीव घेणारा आजार आहे. शंका होती तर विचारायला आरोग्य केंद्र होते, आपल्याच वस्तीतले मुस्लिम डॉक्टर होते. विचारायला जाणे हाच तबय्युन. मेसेज वाचून शाळेला चिठ्ठी पाठवणे हा तबय्युन नव्हे.

विचारायला जाण्याविषयी एक प्रसंग सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. हजरत उमर (रजि.) मदीनेच्या वरच्या भागात राहत. त्यांनी एका अन्सारी शेजाऱ्याशी पाळी ठरवली होती, एक दिवस हे प्रेषितांच्या (स.) सेवेत जात, एक दिवस तो, आणि एकमेकांना दिवसाची खबर देत. गस्सानचे लोक मदीनेवर चालून येणार अशी धास्ती त्या काळात पसरलेली होती. एके रात्री शेजाऱ्याने दार जोराने ठोठावले. काहीतरी भयंकर घडले, तो म्हणाला. उमर (रजि.) यांनी विचारले, गस्सानी आले काय? शेजारी म्हणाला, त्याहून मोठे : प्रेषितांनी (स.) आपल्या पत्नींना तलाक दिला. खबर देणारा सहाबी, नेक, जिवलग. सकाळी उमर (रजि.) मशिदीत गेले तर मिंबरजवळ लोक रडत बसलेले. एवढे साक्षीदार, एवढे अश्रू! आपण असतो तर आणखी काय हवे होते? उमर (रजि.) तेथे थांबले नाहीत. प्रेषित (स.) ज्या माडीवर एकांतात होते तेथे गेले, आत येण्याची परवानगी मागितली. उत्तर आले नाही. परत फिरले, पुन्हा गेले, पुन्हा मागितली. अखेर परवानगी मिळाली आणि त्यांनी उभ्या-उभ्याच विचारले : आपण पत्नींना तलाक दिला आहे काय? उत्तर मिळाले, नाही. प्रेषितांनी (स.) फक्त महिनाभर दूर राहण्याची शपथ घेतली होती. तेवढ्या खऱ्याभोवती सारे मदीना रडत होते.

इमाम मुस्लिम यांच्या एका रिवायतीत पुढचा भाग आहे, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. उमर (रजि.) समाधान मानून घरी गेले नाहीत. मशिदीच्या दारात उभे राहून त्यांनी मोठ्याने जाहीर केले की तलाक झालेला नाही. जेथे अफवा पसरली होती तेथेच, तेवढ्याच मोठ्या आवाजात. आपण काय करतो? चुकीचा संदेश पन्नास जणांच्या गटात पाठवतो, आणि तो खोटा असल्याचे कळले की गुपचूप पुसून टाकतो. वाचलेल्यांच्या मनातून तो कोण पुसणार?

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. अशा संदेशावर दोन बाणांची खूण दिसते. ती दिसली की समजावे, हा किमान पाच हातांतून आलेला आहे आणि पहिला हात कोणाचा, हे आपणास ठाऊक नाही. घरातल्या मुलांना ही खूण दाखवा. छायाचित्र गूगल लेन्समध्ये टाकून ते आधी कोठे छापले गेले हे त्यांना शोधू द्या. ही पिढी ते आपल्यापेक्षा लवकर शिकते. मात्र वडीलधाऱ्यांनी चुकीचे काही पाठवले तर गटात सर्वांसमोर ‘हे फेक आहे’ असे लिहून त्यांना लाजवू नका, असेही मुलांना सांगा. फोन करावा, सलाम करावा आणि विचारावे, ‘अब्बा, हे आपणास कोणी पाठवले?’ बहुतेक वेळा एवढ्या प्रश्नानेच काम होते.

हे सारे मी उंच जागेवरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका जुम्याला, नमाजनंतर, मी माझ्या मुक्तद्यांना एका बिस्किटाविषयी सावध केले होते. त्यात डुकराची चरबी आहे, अशी सांकेतिक क्रमांकांची लांब यादी मला आली होती, खाली एका डॉक्टरचे नाव होते. मी यादी वाचली, मला स्वतःविषयी बरे वाटले : उम्मतीच्या हलालची काळजी वाहणारा इमाम! तपासले काहीच नाही. रविवारी संध्याकाळी मोहल्ल्यातील किराणा दुकान चालवणारी एक विधवा खाला मशिदीच्या पायरीपाशी आली. हातात एक पुडा होता. ‘मौलाना, तीन दिवसांत एक पुडा गेला नाही. आधीचे घेतलेले लोक परत आणून देतायत. मला एवढं सांगा, हा हिरवा ठिपका कशाचा असतो?’

तो शाकाहारी पदार्थाचा ठिपका होता. आपल्या देशात डबाबंद पदार्थावर तो छापणे कायद्याने सक्तीचे आहे, आणि चरबी असलेल्या पदार्थाला तो लावता येत नाही. यादीतला तो क्रमांकही नंतर वाचून पाहिला. ज्या घटकाचा तो क्रमांक, तो वनस्पतीपासूनही तयार होतो आणि प्राण्यांपासूनही. क्रमांकावरून कोणालाच काही ठरवता येत नाही. पुडा उलटा करून पाहायला मला किती वेळ लागला असता?

पुढच्या जुम्याला मी त्याच जागी उभा राहिलो. आधीच्या शुक्रवारी जितका आवाज चढवला होता तितकाच चढवण्याचा प्रयत्न केला, तो झाला नाही. म्हणालो की मी न तपासता बोललो, त्याने एका घराची रोजी बुडाली, माझी माफी त्या खालाकडे आहे आणि आपणा सर्वांकडेही. नंतर तिच्या दुकानात जाऊन मी तो पुडा विकत घेतला. तिने पैसे मोजून घेतले आणि म्हणाली, ‘तुम्ही सांगितलं ते बरं झालं. पण शुक्रवारी जे मशिदीत होते ते सगळे या शुक्रवारी आले होते का, ते बघा.’

सगळे आले नव्हते. दोघे ऊसतोडीला गेले होते, एक जण लेकीकडे पूर्ण्याला. त्यांना मी फोन केला.